एकच इंजिन, दोन आकडे

मार्च २०२३ मध्ये लास वेगासला डॉज कंपनीने ‘चॅलेंजर एसआरटी डेमन १७०’ ही गाडी जाहीर केली, तेव्हा तिच्या शक्तीचे दोन आकडे सांगितले. दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरलं तर ९०० अश्वशक्ती आणि ‘ई८५’ हे मुख्यतः इथेनॉलचं इंधन भरलं तर १०२५. इंजिन तेच, ६.२ लिटरचं, सुपरचार्जर बसवलेलं व्ही-८. फक्त टाकीतलं इंधन बदललं आणि सव्वाशे अश्वशक्ती वाढली. पाव मैलाचं, म्हणजे ४०२ मीटरचं अंतर ही गाडी ८.९१ सेकंदांत कापते.

हे वाचून रसायनशास्त्र शिकलेला कुणीही थबकेल. एक लिटर पेट्रोल जाळलं तर सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, एक लिटर इथेनॉलमधून २१. एक तृतीयांश ऊर्जा कमी असलेलं इंधन घालून गाडी जास्त जोरात कशी पळते?

याचं उत्तर हवेत आहे. इंजिनात इंधन हवं तेवढं ओतता येतं, हवा मात्र मोजकीच शिरते. सिलिंडरचं आकारमान आणि सुपरचार्जर किंवा टर्बोचा दाब मिळून ती ठरवतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे त्याच हवेत इथेनॉल कितीतरी जास्त जाळता येतं. हिशेब मांडून पाहा. पेट्रोलची किलोमागे ४३.५ मेगाज्यूल उष्णता १४.७ ने भागली तर एक किलो हवेमागे जवळपास ३ मेगाज्यूल येतात. इथेनॉलची २६.८ मेगाज्यूल ९ ने भागली तरी उत्तर जवळपास ३च. इंधन जास्त प्यायलं जाईल, ॲव्हरेज पडेल, पण शक्ती घटण्याचं कारण उरत नाही. मात्र या हिशेबातून ती वाढतही नाही. वाढीचं कारण वेगळं आहे, ते म्हणजे नॉकिंगला बसणारा आळा.

पिस्टन वर येताना मिश्रण दाबलं जातं, तापतं. ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून पसरत जाते आणि पलीकडच्या कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं. ज्योत पोचण्याआधीच ते आपसूक भडकलं की धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. फार वेळ असं चाललं तर पिस्टनला भोक पडतं. पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं प्रयोगाचं इंजिन बांधलं आणि एकेक इंधन त्यात तपासलं. इंजिनाची शक्ती कुठे अडते, हे त्या कामातून लख्ख झालं: ती इंधनाच्या नॉक सोसण्याच्या ताकदीपाशी अडते. आजही इंजिनाची शक्ती वाढवणारा ट्यूनर इथेच अडतो. बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवावा तर नॉकिंग. ठिणगी लवकर पाडावी तर नॉकिंग.

इथेनॉल ही सीमा दोन बाजूंनी मागे सारतं. त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉक सोसण्याचं माप, १०८ च्या आसपास आहे. शिवाय वाफ होताना ते विलक्षण उष्णता शोषतं. इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट लावलं की गार लागतं, तेच सिलिंडरमध्ये घडतं. किलोमागे पेट्रोल साधारण ३५० किलोज्यूल शोषतं, इथेनॉल साडेआठशे ते नऊशे. त्यात हवेच्या प्रत्येक किलोमागे इथेनॉल जास्त ओतलेलं असतं, म्हणून थंडावा सुमारे चौपट पडतो. आत आलेली हवा गार म्हणून दाट, आणि भडकण्यापासून दूर. आता ठिणगी हव्या त्या क्षणी पाडता येते, टर्बोला आणखी हवा ढकलायला सांगता येतं. इथेनॉल स्वतः शक्ती आणत नाही, ते इंजिनाला मोकळीक देतं. ती मोकळीक वापरण्याची सोय इंजिनात नसेल, तर हाती फक्त घटलेलं ॲव्हरेज येतं.

मला या सगळ्यात सर्वांत शिकवणारी गाडी वाटते ती स्वीडनची साब ९-५ बायोपॉवर. २००५ साली आलेली, घरच्या माणसांना घेऊन फिरण्याची साधी सेदान. तिचं दोन लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० अश्वशक्ती आणि २४० न्यूटन-मीटर टॉर्क देई. ई८५ वर १८० आणि २८०. यंत्रात केलेले बदल थोडेच होते: व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका जास्त टणक, इंधनाच्या मार्गातले भाग अल्कोहोल सोसणारे. खरी करामत ‘ट्रायॉनिक’ या नियंत्रक संगणकाची. ठिणगी पडून गेल्यावर तोच स्पार्क प्लग ज्वलनातल्या आयनांचा प्रवाह मोजायचा, आणि नॉकिंग सुरू होतंय का हे त्यावरून कळायचं. टाकीत काय भरलंय ते संगणक स्वतः ओळखे आणि जमेल तेवढा बूस्ट वाढवून घेई. स्वीडनने २००६ पासून मोठ्या पंपांना एकतरी नूतनीक्षम इंधन विकणं बंधनकारक केलं होतं आणि बहुतेकांनी ई८५ निवडलं. साब मात्र डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्यासोबत, साध्या गाडीत इथेनॉलची मोकळीक वापरण्याचा सुंदर विचारही मागे पडला, याची मला खरीच हळहळ वाटते.

त्याच देशातल्या एंगेलहोम गावच्या कोएनिगसेग कंपनीने हाच विचार टोकाला नेला. तिची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ अश्वशक्ती देई. २००७ च्या सीसीएक्सआरमध्ये इंजेक्टर, इंधनाच्या नळ्या, पिस्टन रिंग बदलल्या, सुपरचार्जरचा दाब वाढवला आणि आकडा १०१८ वर गेला. पुढच्या येस्कोमध्ये पेट्रोलवर १२८०, ई८५ वर १६००.

कारखान्यात हे सगळं मुळातून आखलेलं असतं. वर्कशॉपमध्ये सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय किंवा निसान जीटी-आर उभी करून हेच करायचं तर क्रम चुकवून चालत नाही. ई८५ आकारमानाने पेट्रोलपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त लागतं. कंपनीचे इंजेक्टर पूर्ण शक्तीवर आधीच जवळपास उघडेच असतात, त्यांच्यात एवढी सवड नसते. म्हणून आधी मोठे इंजेक्टर, मग मोठा फ्युएल पंप, मग इंधनाच्या वाटेवर इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर. हा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला, कंपनांच्या भाषेत कळवतो: ५० हर्ट्झ म्हणजे इथेनॉल शून्य, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर टक्के. ईसीयूत पेट्रोलचा आणि ई८५चा असे दोन नकाशे, म्हणजे इंधन व ठिणगीचे तक्ते, लिहिलेले असतात. आलेल्या आकड्याप्रमाणे तो दोहोंच्या मधली वाट धरतो. ठिणगीची वेळ आणि बूस्ट वाढवण्याचं काम सर्वांत शेवटी, शक्ती मोजणाऱ्या डायनोवर गाडी बांधून, थोडंथोडं.

सेन्सरचे पैसे वाचवणाऱ्यांची इंजिनं बसतात. अमेरिकेत ई८५ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या इंधनात मानकानुसार ५१ ते ८३ टक्के इथेनॉल चालतं, कारण थंडीत पेट्रोलचा वाटा वाढवावा लागतो. शुद्ध इथेनॉल १३ अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेण्याइतकी वाफच देत नाही. उन्हाळ्यात ८० टक्क्यांवर बेतलेला आक्रमक नकाशा हिवाळ्यात ५५ टक्के इथेनॉलवर चालवला तर नॉकिंग ठरलेलंच. उलट, पेट्रोलच्या नकाशावर ई८५ ओतलं तर मिश्रण पातळ पडतं. म्हणून जाणते लोक सेन्सर असूनही मापाची काचनळी जवळ ठेवतात. तिच्यात पाणी आणि इंधन घालून हलवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर जेवढा वाढला तेवढं त्याचं प्रमाण. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनं रबर आणि ॲल्युमिनिअम खातं, गार इंजिनात रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. गाडी महिनोन् महिने झाकून ठेवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

टर्बो नसलेल्या इंजिनाला फायदा बेताचाच. कॉम्प्रेशन वाढवल्याशिवाय तिथे फारसं हाती लागत नाही. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या नव्या जर्मन टर्बो गाड्यांत उच्च दाबाचा पंपच आधी अपुरा पडतो, म्हणून तिथले हौशी ३०-४० टक्के मिश्रणावर थांबतात. तेवढ्यातही नॉकिंग पुष्कळ मागे हटतं, आणि मला तो शहाणपणाचा थांबा वाटतो.

शर्यतीच्या जगाला हे जुनं आहे. १९३७ च्या मर्सिडीज डब्ल्यू१२५ च्या इंधनात मेथिल आणि एथिल अल्कोहोल मिळून निम्म्याहून जास्त होतं. अमेरिकेतली इंडीकार मालिका २००७ मध्ये मिथेनॉल सोडून इथेनॉलवर आली. २०२३ पासून तिथे वापरलं जाणारं इंधन मुख्यतः उसाच्या टाकाऊ भागापासून केलेल्या इथेनॉलचं आहे.

ऊस म्हटलं की विषय आपल्या दारात येतो. ५ जून २०२१ ला ई१०० विकणाऱ्या तीन पंपांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला तो पुण्यात. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने ‘इथेनॉल १००’ पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आणलं, त्यात महाराष्ट्र आहे. या इंधनात साधारण ९३ टक्के इथेनॉल असतं. आसवनीचं तंत्र देशोदेशी पुरवणारी प्राज ही कंपनी पुण्याचीच. म्हणजे कच्चा माल, यंत्रं, इंधन सगळं इथे आहे. नाहीत ती इथेनॉलचा गुण पुरेपूर वापरणारी इंजिनं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, त्यामुळे वर लिहिलेली कामं आपल्याकडे बंदिस्त ट्रॅकपुरतीच शोभतात. रस्त्यावरची मोकळीक वापरायची तर ते कंपन्यांनीच करायला हवं.

त्यांना कारणही आहे. पूर्वी साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ८८ होता. आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या ई२० चा ९५ आहे. आपण सगळेच नकळत वरच्या दर्जाचं इंधन भरतो आहोत. पण जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन तेच, नकाशा तोच. तिच्या वाट्याला इथेनॉलची कमी ऊर्जा तेवढी येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच अशा चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल, असं म्हटलं होतं आणि इंजिनात योग्य बदल केले तर ही घट कमी करता येईल, हेही. ई२० बद्दलचा वाहनधारकांचा राग मला रास्त वाटतो. महाराष्ट्राने इथेनॉलच्या या थेंबासाठी उसाला पाणी दिलंय. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राला निर्बंध घालावे लागले, इतका हा हिशेब नाजूक आहे. एवढ्या मोलाचं इंधन, त्याचा गुण वापरू न शकणाऱ्या इंजिनांत जाळणं मला सहन होत नाही.

टीव्हीएसने जुलै २०१९ मध्ये ‘अपाची आरटीआर २०० एफआय ई१००’ आणली. पहिल्या टप्प्यात ती महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि कर्नाटक या उसाच्याच राज्यांत मिळणार होती. निव्वळ इथेनॉलवर भारतीय दुचाकी विश्वासाने धावते हे तिने दाखवलं, आणि ते थोडं काम नव्हे. तिची शक्ती मात्र २०.७ अश्वशक्ती, म्हणजे पेट्रोलवरच्या बहिणीएवढीच. कॉम्प्रेशन वाढवायला १०८ ऑक्टेनची मुभा तिच्या टाकीत होती. ती घेणारं पुढचं इंजिन होसूर, चाकण किंवा मानेसरच्या कारखान्यांत, कुठेही घडू शकतं. लागणारं पंपावरचं इंधन तर आता आलेलंच आहे.