न गळणारी गळती

होडीच्या मागच्या फळीला अडकवलेलं आउटबोर्ड मशीन एका झटक्यात सुरू होतं, दहा मिनिटं झकास चालतं आणि खाडीच्या मुखाशी आलं की धापा टाकत बंद पडतं. टाकीत पेट्रोल भरपूर आहे. प्लगला ठिणगीही आहे. थोडा वेळ थांबलं की मशीन पुन्हा सुरू होतं आणि थोड्याच वेळात पुन्हा तोच खेळ. खलाशी कार्बोरेटर खोलायला घेतो. दोष मात्र त्याच्या पायाशी, टाकीच्या झाकणावर असतो. आत हवा सोडणारा छोटासा स्क्रू, म्हणजे व्हेंट, बंद राहिलेला असतो. तो सैल केला की ‘सुस्स’ करत हवा आत शिरते आणि आजार संपतो.

पेट्रोल जाळणाऱ्या यंत्राला टाकीत हवा कशाला हवी? कारण इंजिन पेट्रोल ओढत नाही. ओढणं असं काही निसर्गात या कामापुरतं नाहीच. आहे ते फक्त ढकलणं. शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉने पिताना आपण तोंडातला दाब तेवढा कमी करतो. पाणी वर चढवते ती शहाळ्यात पाण्यावर बसलेली हवा. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर या हवेचा भार साधारण 1 किलोचा. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं तोरिचेल्लीने 1644 मध्येच एका पत्रात लिहून ठेवलं होतं. म्हणजे होडी तरंगते एका समुद्रावर आणि तिचं इंजिन पेट्रोल पितं दुसऱ्याच्या भाराने!

कार्बोरेटर हे याच भाराचं नाजूक वापरयंत्र. त्याचा घसा मधोमध चिंचोळा असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब उतरतो. हे गणित बर्नुलीच्या 1738 च्या ग्रंथातलं; चिंचोळ्या नळीतल्या प्रवाहावर व्हेंतुरीने 1797 मध्ये लिहिलं. बाजूच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतला फरक पेट्रोलला पितळी जेटच्या बारीक भोकातून घशात फवारतो. पूर्ण जळण्यासाठी 1 ग्रॅम पेट्रोलला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते आणि हा हिशेब सांभाळायला आत कुठलाही मेंदू नाही, नुसती भोकं आहेत.

ओले एव्हिनरूडने 1909 मध्ये मिल्वॉकीत आपली आउटबोर्ड मोटर विकायला काढली तेव्हा टाकी मोटरवरच बसवलेली असे. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे. पुढे टाकी होडीच्या तळाशी गेली आणि पेट्रोल वर चढवण्याचा प्रश्न आला. टू-स्ट्रोक मशीनमधला त्यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. पिस्टन वर गेला की क्रँककेसमधला दाब उतरतो, खाली आला की चढतो. त्या चढउतारावर रबराचा पातळ पडदा हलतो आणि तोच पेट्रोलपंप! मिनिटाला 5000 फेऱ्या म्हणजे सेकंदाला ऐंशीहून जास्त ठोके. वायर नाही, वेगळी मोटर नाही.

आता खरी कोडी. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे तिथे चीर पडली तर पेट्रोल बाहेर येत नाही. हवा आत जाते. थेंब नाही, वास नाही, नळी बाहेरून कोरडी ठणठणीत. अशी ‘एअर पकडलेली’ लाइन शोधायला पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी जोडतात. त्यात बुडबुडे धावताना दिसले की चोर टाकीकडच्या बाजूला. नळीवरचा हाताने दाबायचा रबरी प्रायमर बल्बही बरंच बोलतो. चालू इंजिनावर तो चपटा होत असेल तर त्याच्या मागे अडथळा आहे: बंद व्हेंट, तुंबलेली जाळी किंवा आतलं अस्तर सुटून मिटलेली जुनी नळी. कितीही दाबून कडक होत नसेल तर बहुधा कुठेतरी हवा शिरते आहे, किंवा बल्बच्या झडपा थकल्या आहेत. मरायला टेकलेलं मशीन बल्ब दाबल्यावर जिवंत झालं, तर पेट्रोलच पुरेसं पोचत नव्हतं.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट फाटलं, तर हिशेबाबाहेरची हवा आत येते. मंद गतीवर मशीन एका लयीत राहत नाही. वेग आपोआप चढतो, पडतो. पूर्ण गतीवर तीच गळती मोठ्या प्रवाहात लपून जाते. ती शोधायला काही जण चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. तो आगीशी खेळ आहे, साबणाचं पाणी पुरतं. सांध्यावर ते पडताच इंजिनाचा आवाज बदलला की जागा सापडली. हा दोष टू-स्ट्रोकमध्ये अंगावर काढू नये, कारण तिथे वंगणाचं तेल बहुधा पेट्रोलमधूनच येतं. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं, उष्णता वाढते आणि पिस्टन जाम होतो.

म्हणून पाना उचलण्याआधी व्हेंट, मग बल्ब, मग नळी आणि तिचे जोड पाहावेत, कार्बोरेटर त्यानंतर. एवढं करूनही मंद गती सावरली नाही, तर क्रँकच्या सीलवर संशय घ्यायचा. ते बाहेरून दिसत नाही. मशीन किनाऱ्यावर आणून, क्रँककेसची सगळी तोंडं बंद करून आत थोडा दाब भरतात आणि काटा खाली उतरतो का, ते पाहतात.