बिली हॉलिडे, बेसी स्मिथ आणि स्लॅबची खोली

नवीन जालन्यात जॅझचे दर्दी फार नसतील. पण मोबाइलवर एला फिट्झजेराल्डसारखी जॅझ गायिका आता कुणालाही सापडते, आणि तिच्यामागोमाग काही पक्क्या समजुतीही घरात शिरतात.

पहिली समजूत अशी की, जुन्या तबकड्यांवरच्या बायकांचे आवाजच किरटे होते. बेसी स्मिथ ही तशी ब्लूज गायिका, पण जॅझ गाणाऱ्या पुढच्या कितीतरी जणी तिला ऐकतच घडल्या. तिची पहिली तबकडी 1923ची. तेव्हा गायिका भोंग्यात तोंड घालून गायची आणि तिच्या आवाजाच्या जोरावरच सुई खाच कोरायची. या पद्धतीत साधारण 200 ते 2,000 हर्ट्झच्या पट्ट्यातलंच काय ते नीट उतरायचं. आवाजाला भरदारपणा आणि झळाळी देणारे वरचे स्वरांश गळून जायचे. 1925मध्ये मायक्रोफोन आला आणि तीच बेसी एकदम भरदार ऐकू यायला लागली. दोन वर्षांत तिचा गळा काही बदलला नव्हता.

मायक्रोफोनमुळे आणखी एक गोष्ट झाली. हळू, अगदी कानाशी बोलल्यासारखं गाणं शक्य झालं. 1933मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालेली बिली हॉलिडे भोंग्याच्या काळात असती, तर ती आपल्यापर्यंत पोचली असती की नाही, शंकाच आहे.

दुसरी समजूत याच्या उलट टोकाची: ध्वनिमुद्रण जितकं नितळ, तितकं गाणं सरस. बिलीच्याच 1930च्या दशकातल्या तबकड्या मोनो आहेत, खरखरतात. पण आवाज ताजा, लयीशी खेळणारा. 1958चा ‘लेडी इन सॅटिन’ स्टिरिओत आहे, वाद्यमेळ मखमली, आणि गळा पार झिजलेला. त्यातला प्रत्येक ओरखडा स्वच्छ ऐकू येतो. मला हा अल्बम फार आवडतो, पण तो नितळ आहे म्हणून नव्हे.

खरखर पुसून टाकली की गाणं सुधारतं, हेही अर्धसत्यच. खरखरीचा बराच भाग वरच्या पट्टीत असतो आणि ‘स’, ‘श’, श्वास, झांजेची किणकिण हेही तिथेच. सॉफ्टवेअरने जास्त घासलं की सगळंच जातं. गायिका तोंडावर पदर धरून गातेय असं वाटतं. थोडी खरखर राहू दिलेली प्रत बहुधा जास्त जिवंत असते.

एलपी की सीडी, हा वाद मी लांबवणार नाही. एलपीच्या मध्याकडे सरकताना सुईखालून दर सेकंदाला कमी लांबीची खाच जाते, म्हणून शेवटच्या गाण्यांत ‘स’ फाटतो. सीडीला ही अडचण नाही. पण सीडीसाठी आवाजाचे चढउतार दाबून सगळं सारखंच मोठं केलं असेल, तर त्याच गाण्याची एलपी सरस ठरते. फरक माध्यमापेक्षा प्रत तयार करणाऱ्याच्या हातात जास्त असतो.

आणि जॅझ गायिका म्हणजे अमेरिकनच, हाही समज सोडायला हवा. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमवर आशा पुथलीची दोन गाणी आहेत. 1971मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेली. आशा मुंबईची, हिंदुस्थानी संगीत शिकलेली. कोलमनच्या मुक्त जॅझमध्ये ती बिचकत नाही. गोव्याच्या लॉर्नाने संगीतकार ख्रिस पेरीच्या कोकणी गाण्यांत जॅझचा ठसका आणला. मागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन दणाणत असतात, तरी तिचा शब्द दबत नाही.

उरला पैशाचा प्रश्न. महागडी केबल घेतली की आवाज सुधारतो, असं दुकानदार सांगतो. पण खरी अडचण खोलीची असते. आपल्याकडच्या नव्या घरांत वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. आवाज त्यांवर आपटून परत येतो आणि गायिकेचे शब्द एकमेकांत मिसळतात. केबलने यात काहीच बदलत नाही. जाड सतरंजी अंथरा, खिडकीला जड पडदा लावा, स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा, आणि मग एला लावा.