दुकान न सोडता

मारतहळ्ळीच्या रिंग रोडवर संध्याकाळी वाहने खोळंबली की कामावरून परतणाऱ्या पुष्कळांना वाटते: ‘हे सारे सोडून कुठेतरी निघून जावे, म्हणजे आपण खरे कोण ते कळेल.’ तुम्हालाही असे वाटते का?

मुंबईत खेतवाडीत राहणारे विडीविक्रेते मारुती कांबळी यांनी तसे करूनही पाहिले. १९३३ मध्ये त्यांना सिद्धरामेश्वर महाराज हे गुरू भेटले. ‘मी आहे’ ही जाणीव धरून राहा, हा गुरूंचा उपदेश. १९३६ मध्ये गुरू गेल्यावर ते घर सोडून निघाले. पण त्यासाठी संसार सोडायची गरज नाही, हे उमगून ते परतले आणि पुन्हा दुकानात बसू लागले. हेच निसर्गदत्त महाराज.

एकेकाळी बंगळूरात कारखाना सांभाळणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन पुढे त्यांच्या घरच्या माळ्यावर येऊन बसत. महाराजांच्या मराठी संवादांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा राजीनामा लिहिण्याआधी रोज दहा मिनिटे शांत बसून पाहा. ज्याला शोधायचे, तो गाडीत तुमच्याबरोबरच बसलेला असतो.