एक प्रश्न, आठ जाणकार: तज्ज्ञांची मतं एकत्र करून लिहिलेला मजकूर लोक का शोधतात आणि तो करायचा कसा?

पावसाळ्यात रावेर, यावल, चोपडा भागात केळीच्या बागेत फिरलं की एक दृश्य हमखास दिसतं. कोवळ्या झाडाच्या पानावर पिवळे पट्टे पडलेले असतात. शेतकरी मोबाइल काढून फोटो घेतो आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. "काय भो, हे काय असेल?" पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. एक म्हणतो हरण्या आहे, उपटून फेका. दुसरा म्हणतो अन्नद्रव्याची कमतरता आहे, झिंक द्या. तिसरा सरळ औषधाच्या बाटलीचा फोटो टाकतो. विचारणारा आधी एका अडचणीत होता, आता दहा अडचणींत सापडतो.

हीच दहा उत्तरं खऱ्या जाणकारांकडून, नावानिशी, तपासून आणि एका जागी मांडून मिळाली तर? या प्रकारच्या मजकुराला इंटरनेटच्या धंद्यात 'एक्स्पर्ट राउंडअप' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रश्न एक आणि जाणकार अनेक. आज आपल्या तालुक्यांत कित्येक तरुण यूट्यूब चॅनल चालवतात, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वेबसाइट आहेत, कृषी सेवा केंद्रांची पेजेस आहेत. 'आमच्या साइटवर कोणी येतच नाही' अशी सगळ्यांची तक्रार असते. त्यांच्यासाठी आणि असा मजकूर वाचून शेतात निर्णय घेणाऱ्यांसाठीही हा लेख आहे.

ही पद्धत आपल्याला नवी नाही

महाराष्ट्रात हे काम इंटरनेटच्या कितीतरी आधी झालं आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात प्रयोग करायचे, निरीक्षणं लिहायची आणि पत्रातून एकमेकांना कळवायची. सांगलीकडच्या द्राक्षबागांना या देवाणघेवाणीचा मोठा फायदा झाला. त्यात एकच शहाणा आणि बाकीचे ऐकणारे असं नव्हतं. जो तो आपल्या वावरातलं सांगायचा, आणि कोणाच्या अनुभवातून काय निघालं हे सगळ्यांना कळायचं. आकाशवाणीवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमांनीही वर्षानुवर्षं हेच केलं. आज पत्राच्या जागी मोबाइल आला, एवढाच फरक.

यामुळे वाचक का वाढतात?

कारणं तीन आहेत.

पहिलं कारण साधं आहे. ज्याचं नाव आणि फोटो लेखात असतो, तो माणूस लेख स्वतःहून पुढे पाठवतो. आठ जाणकार असले तर आठ गावं, आठ ग्रुप, आठ नातेवाइकांची वर्तुळं. लग्नपत्रिकेत ज्याचं नाव छापलं तो पत्रिका जपून ठेवतो, तसंच हे.

दुसरं कारण लिंकचं. गूगल सुरू करणारे लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये जी पद्धत मांडली, तिचा गाभा असा होता की एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवलं आहे, यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं. आता गूगल आणखी पुष्कळ गोष्टी बघतं, पण लिंकची किंमत संपलेली नाही. आपल्या साइटकडे एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या किंवा शेतकरी कंपनीच्या साइटवरून लिंक आली, तर ती गावातल्या जाणत्या माणसाने दिलेल्या साक्षीसारखी असते. कोणी कुठूनही उचलून लिहिलेल्या मजकुराला अशी साक्ष मिळत नाही. दुसरीकडे कुठेच नाही असं काही तुमच्या पानावर असलं, तरच लोक त्याकडे बोट दाखवतात. आठ जाणकारांनी तुमच्याच प्रश्नाला दिलेली उत्तरं दुसऱ्याकडे नसतात.

तिसरं कारण अनुभवाचं. गूगलने आपल्या दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' हा शब्द वाढवला. म्हणजे लिहिणाऱ्याने किंवा सांगणाऱ्याने ते काम स्वतः केलं आहे का, हे बघायचं. ज्याच्या बागेतून दोनशे झाडं उपटावी लागली, त्याच्या बोलण्यात जो दम असतो तो कॉपी-पेस्टमध्ये येत नाही.

प्रश्न बारीक करा

सगळं काम प्रश्नावर अवलंबून आहे. 'केळीबद्दल आपलं मत काय?' असं विचारलं तर 'केळी चांगलं पीक आहे, पण भाव पाहिजे' असं उत्तर येतं. ते वाचून कोणाचं काय भलं होणार?

प्रश्न असा हवा: 'कांदेबागेत लागवडीनंतर दोन महिन्यांच्या आत हरण्याची लक्षणं दिसली, तर तुम्ही पहिल्या दिवशी काय कराल आणि काय करणार नाही?' यात पीक, हंगाम, झाडाचं वय आणि कृती सगळं आलं. 'काय करणार नाही' हा अर्धा प्रश्न विसरू नका. खरी माहिती बहुतेक वेळा तिथेच निघते.

प्रश्न निवडताना लोक मोबाइलवर कोणते शब्द टाकतात ते बघा. लोक 'कुकुंबर मोझॅक व्हायरस' टाकत नाहीत. ते 'केळी पाने पिवळी उपाय' किंवा 'हरण्या रोग' असं लिहितात. हे शब्द शीर्षकात आणि पहिल्या दोन ओळींत आले पाहिजेत.

जाणकार कोण आणि किती?

सहा ते आठ पुरेत. पंचवीस जणांची यादी केली की कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. पण सगळे एकाच बाजूचे नकोत.

जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. जळगावात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे. धुळ्याला कृषी महाविद्यालय आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. कपाशीचा प्रश्न असला तर नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणचे दोन-तीन शास्त्रज्ञ घ्या. तालुक्याचा एखादा कृषी अधिकारी घ्या. मग तीन शेतकरी घ्या: एक मोठा बागायतदार, एक दोन एकरवाला, आणि एक ज्याचं नुकसान झालं असा. यश मिळवलेला सगळेच शोधतात, नुकसान झालेल्याला कोणी विचारत नाही. शिवाय प्रत्यक्ष फवारणी करणारा मजूर किंवा निंदणी करणारी बाई यांनाही विचारा. रोगट झाड मालकाच्या आधी त्यांना दिसतं.

कृषी सेवा केंद्रवाल्याला किंवा रोपांच्या कंपनीच्या माणसाला घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या नावापुढे तो काय विकतो हे स्पष्ट लिहा. पैसे किंवा फुकट माल घेऊन कोणाची भलामण केली तर ते जाहीर करावं, अशा सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या आहेत. कायद्याचं सोडा, वाचकाशी प्रामाणिक राहण्याचाच तो भाग आहे.

विचारायचं कसं?

शास्त्रज्ञ साहेबांना 'सर, लेख लिहायचाय, काहीतरी पाठवा' असा मेसेज टाकला तर उत्तर येत नाही. मी कोण, लेख कुठे येणार, प्रश्न कोणता, उत्तर किती ओळींचं आणि कधीपर्यंत पाहिजे, हे पाच मुद्दे एकाच मेसेजमध्ये लिहा. सरकारी माणसाला वरिष्ठांची परवानगी लागू शकते, त्यासाठी आठवडाभर वेळ द्या. शेतकऱ्याला लिहायला लावू नका. "दादा, व्हॉइस मेसेज पाठवा" म्हणा, किंवा संध्याकाळी निवांत फोन करा. फोटो छापायचा तर आधी विचारा. मोबाइल नंबर विचारल्याशिवाय कधीच छापू नका. एका शेतकऱ्याचा नंबर छापला गेला की त्याला दिवसभर फोन घ्यावे लागतात.

परत वाचून दाखवा: इथेच मी चुकलो होतो

काही वर्षांपूर्वी अशाच एका लेखात मी फवारणीचं प्रमाण लिहिलं. सांगणाऱ्याने फोनवर '१० लिटर पाण्याला' म्हटलं होतं. मी घाईत 'प्रति लिटर' लिहून टाकलं. म्हणजे औषध थेट दहापट. सकाळी एका वाचकाचा फोन आला, "भाऊ, एवढं मारलं तर झाड जळेल." तासाभरात दुरुस्ती केली, पण तोवर स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरू लागले होते. लेख दुरुस्त करता येतो, स्क्रीनशॉट नाही. मी एकेका ग्रुपवर जाऊन चूक कबूल केली. सुदैवाने कोणी फवारलं नव्हतं. त्या जाणकाराने मात्र पुन्हा कधी मला उत्तर दिलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. चूक माझी आणि नाव त्याचं गेलं.

हा विषय किती गंभीर आहे ते २०१७ च्या खरिपात दिसलं. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजुरांचा जीव गेला. चुकीची मिश्रणं, तोंडाला काही न बांधता फवारणं, विकणाऱ्याच्या सांगण्यावर भरवसा, अशी कितीतरी कारणं पुढे आली. आपण लिहितो ती ओळ कोणाच्या तरी पाठीवरच्या पंपात जाते, हे ध्यानात ठेवा.

तेव्हापासून माझा नियम एकच. प्रत्येकाचं उत्तर लिहून झालं की त्याला परत पाठवायचं आणि 'बरोबर आहे' असं आल्याशिवाय टाकायचं नाही. औषधाचं नाव आलं तर ते त्या पिकासाठी शिफारस केलेलं आहे का, हे लेबलवर बघायचं. प्रमाण लिहिताना 'प्रति लिटर', 'प्रति १० लिटर' की 'प्रति पंप' हे स्पष्ट लिहायचं, कारण पंप १५ लिटरचाही असतो आणि २० चाही.

नुसती यादी नको, मेळ घाला

आठ उत्तरं एकाखाली एक चिकटवली म्हणजे लेख झाला नाही. वर चार ओळींत सांगा की सगळ्यांचं कशावर एकमत आहे. हरण्याच्या बाबतीत ते असं निघेल: रोग झाल्यावर झाड बरं करणारं औषध नाही, रोगट झाड लवकर उपटून नष्ट करायचं, रोग मावा पसरवतो म्हणून त्याचा बंदोबस्त करायचा, आणि बागेत किंवा बांधाला काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो, वांगी घ्यायची नाहीत.

त्यानंतर मतभेद कुठे आहेत ते लिहा. उपटलेल्या जागी नांग्या लगेच भराव्यात की थांबावं, यावर दोन शेतकरी वेगळं सांगत असतील तर दोघांचंही छापा, आणि कोणाची जमीन कशी, पाणी किती, हेही द्या. मतभेद लपवू नका. वाचक आपल्या वावराशी ताडून बघतो.

खाली तारीख टाका. पुढच्या हंगामात त्याच जाणकारांना पुन्हा विचारून तोच लेख ताजा करा. पान हलकं ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज किती येते ते आपल्याला माहीत आहे.

लिंक मागायची कशी आणि कशी नाही

लेख आला की प्रत्येक जाणकाराला लिंक आणि त्याच्या वाक्याचं एक छोटं कार्ड पाठवा. ज्या संस्थेचा माणूस आहे त्या संस्थेला 'आपल्या साइटवर दुवा द्यावासा वाटला तर द्या' एवढंच लिहा. व्हॉट्सअॅपवर अख्खा लेख कॉपी करून टाकू नका. चार ओळींचं सार आणि खाली लिंक द्या, नाहीतर लोक तिथेच वाचतात आणि साइटवर कोणीच येत नाही.

'पाचशे रुपयांत शंभर लिंक' असे मेसेज येतात. त्या भानगडीत पडू नका. पैसे देऊन लिंक घेणं किंवा 'तू मला दे, मी तुला देतो' असं घाऊक चालवणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि साइट शोधात मागे पडू शकते. एआयकडून तज्ज्ञांची नावं आणि उत्तरं तयार करून घेणारेही निघाले आहेत. तो माणूसच अस्तित्वात नसला तर चुकलेल्या सल्ल्याचा जाब कोणाला विचारायचा?

वाचणाऱ्यांनी काय बघावं?

असा लेख समोर आला की चार गोष्टी तपासा. जाणकाराचं पूर्ण नाव आणि काम दिलं आहे का? तारीख आहे का? कोणी काही विकतोय का? सगळे एकच औषध सांगतात का? सगळ्यांच्या तोंडी एकाच कंपनीचं नाव असलं तर ती जाहिरात समजा. शंका असली तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत नंबरवर विचारा, मराठीत उत्तर मिळतं.

२०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२१ मध्ये तांदलवाडीची केळी दुबईला गेली. ते मिळवणाऱ्यांकडे आणि त्याच वर्षांत हरण्यामुळे बाग मोडावी लागलेल्यांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. ते अजून कोणी नीट विचारून लिहून काढलेलं नाही. तुमच्या गावातला प्रश्न घ्या, आठ माणसं गाठा, आणि छापण्याआधी त्यांना परत वाचून दाखवा.