गुहा नसलेल्या गावात

"सर, आपली गुहा कुठंय?"

पाचवीत अश्मयुगाचा धडा आला की हा प्रश्न ठरलेला. गुहा, तोंडाशी शेकोटी, अंगाला कातडं गुंडाळलेला माणूस, हे चित्र मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कोल्हारात गुहा नाही. म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी वर्ग प्रवरेच्या काठी नेतो.

मुलं लांब बसतात. ठोके मीच मारतो. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर पोत्याची घडी, त्यावर गारगोटीचा तुकडा, हातात वाटोळा गोटा. मध्यावर मारलं तर नुसता हात झिणझिणतो. कडेवर तिरका घाव बसला की शिंपल्यासारखा पातळ छिलका सुटतो. त्यानं उसाचं कांडं सोललं की मुलं गप्प होतात. दगड कापतो, हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

मग नदीची गोष्ट. ही प्रवरा खाली नेवाशाला जाते. तिथं ह. धी. सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं. जवळच चिरकीला पुढं गुडरून कॉर्व्हिनस यांनी खोदकाम केलं. हातकुऱ्हाडी, तासण्या मिळाल्या त्या गुहेत नाही, नदीकाठच्या गोट्यांत. आपल्या काळ्या कातळात राहण्याजोग्या मोठ्या गुहा फारशा होत नाहीत. ढोकेश्वरची लेणी माणसानं छिन्नीनं कोरलेली. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये शोधलेली भीमबेटकाची चित्रं आहेत ती वालुकाश्माच्या कपारींत.

"मग पावसात कुठं राहायची?"

एकदा म्हटलं, बांधून बघू. पोरांनी काठ्या एकमेकींना टेकवल्या, वर पाचट टाकलं. वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला सगळं आडवं. तेव्हा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली एक मुलगी उठली. "सर, असं नसतंय. आधी मेढी पुरायच्या, मग आढं. पाचट खालून वर लावायचं, म्हंजी पाणी आत येत न्हाई." तासाभरात कोपी उभी राहिली. मी फक्त काठ्या धरल्या. आत तिनं तीन दगडांची चूल मांडली, चार काटक्या पेटवल्या.

पुढच्या शनिवारी गेलो तर पाचट शेळ्यांनी आणि वाऱ्यानं नेलेलं, काठ्या कुणीतरी सरपणाला उचललेल्या. उरले होते तीन काळवंडलेले दगड, चिमूटभर राख आणि माझे छिलके.

"लाखभर वर्षांनी कुणी इथं खणलं तर काय सापडेल?" मी विचारलं.

"दगड," सगळे म्हणाले.

"अन् गुहेत राहिलो असतो तर?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "तिथं पाऊस-वारा लागत नाही. राख तशीच राहिली असती."

गुहेतलं टिकलं, म्हणून माणूस गुहेतला ठरला. उघड्यावर राहणारे किती होते, ते सांगायला दगडाखेरीज कुणी उरलं नाही.

ती मुलगी चुलीचे दगड पायानं नीट लावत होती. म्हणाली, "आमची कोपी दरसाल मोडती, सर. एवढंच ऱ्हातंय."