तंबोरा आणि टँबोरीन

टँबोरीन हें वाद्य आतां आपल्या मुलांना परकें राहिलेलें नाहीं. लाकडी कडें, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेलें कातडें (अलीकडे बहुधा प्लॅस्टिक) आणि कड्याच्या खांचांतून खुळखुळणाऱ्या धातूच्या चकत्यांच्या जोड्या. ज्यानें भजनांतली खंजिरी पाहिली आहे त्याला ह्याहून अधिक सांगावयास नको.

नांव ऐकतांच मात्र आपणांपैकीं पुष्कळांना तंबोरा आठवतो, आणि तंबोऱ्यावरून तुंबरु गंधर्व. मग तंबोरा तुंबरूचा आणि टँबोरीनही आपल्याच घरचें, असा निकाल मोठ्या समाधानानें दिला जातो. घरांतील वडील माणूस असें बोलला कीं मुलें तें प्रमाण मानून चालतात, म्हणून हें लिहिणें. माझा जन्म संस्कृतांत गेला, तरी हा निकाल मला मान्य नाहीं. इ. स. ९५० च्या सुमारास वारलेल्या अल् फाराबीनें आपल्या संगीतविषयक ग्रंथांत बगदादचा व खुरासानचा असे दोन ‘तंबूर’ वर्णिले आहेत. हीं लांब मानेचीं तंतुवाद्यें होत. तंबोऱ्याचें नांव ह्या घराण्यांतलें. तुंबरूशीं त्याची सांगड केवळ ध्वनिसाम्यानें घातली गेली.

युरोपांतली हकीकत याहून मौजेची आहे. जुन्या फ्रेंच भाषेंत ढोलाला ‘ताबूर’ म्हणत. पुढें त्यांत अनुनासिक शिरून ‘तांबूर’ झालें, तें अरबी तंबुराच्या नांवाच्या प्रभावानें, असें कोशकार मानतात. म्हणजे तारांच्या वाद्यानें ढोलाचें नांव वांकविलें! आपल्या ‘पुत्रक’ शब्दांतील क-प्रत्ययाप्रमाणें लघुत्वदर्शक प्रत्यय लागून त्याचें ‘तांबुरें’ झालें, आणि सोळाव्या शतकांत तें इंग्रजींत आलें. परंतु खुद्द फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतांत तांबुरें म्हणजे डाव्या हाताला टांगलेला लांबट ढोल. त्याच हातानें पांवा धरून वाजवावयाचा आणि उजव्या हातांतील काठीनें ढोल बडवावयाचा. चकत्यांच्या वाद्याला फ्रेंच लोक ‘बास्क ढोल’ म्हणतात.

रूपानें टँबोरीनचें जवळचें नातें डफाशीं आहे, आणि डफ हा शब्दही अरबी-फारसी ‘दफ’च. शाहिराच्या डफासाठीं मात्र कोणी गंधर्व शोधीत बसत नाहीं! हिब्रूंतील ‘तोफ्’ हें दफाचेंच भावंड. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम हेंच वाद्य हातीं घेऊन नाचली, आणि मराठी बायबलांत त्या ठिकाणीं डफ हाच शब्द योजिला आहे.