Explained: स्वतःची स्पोर्ट्स रायफल बनवायचीय? लेथला हात लावण्याआधी २० ज्यूलचं गणित समजून घ्या

अमरावती/अकोला : १ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी तब्बल ७२ वर्षं वाट पाहावी लागली होती. साहजिकच नेमबाजीची ओढ वाढली. पण रायफलच्या किमती पाहिल्या की वऱ्हाडातल्या मध्यमवर्गीय घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. यूट्यूबवर सगळं दाखवतात, एमआयडीसीत लेथ आहे, ओळखीचा फिटर आहे. मग घरीच का बनवू नये?

उत्तर सरळ आहे. बनवू नका.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं, विकणं, बदलणं, इतकंच काय दुरुस्त करणं आणि तिची चाचणी घेणंही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ मध्ये त्यासाठी किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. ‘मी फक्त खेळासाठी बनवली’ हा बचाव इथे चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत सुटे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे बॅरल एका ठिकाणाहून आणि ट्रिगर दुसरीकडून मागवून घरी जोडणं ही पळवाट नाही. परवानाधारक रायफल ओळखीच्या लेथवाल्याकडे ‘जरा घासून’ घेणंही नाही. ते काम परवानाधारक गनस्मिथचं.

मग २० ज्यूल म्हणजे काय?

४.५ मिमी बोअर (०.१७७ इंच) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा असलेली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. मात्र ही सवलत म्हणजे घरी एअर रायफल बनवण्याची परवानगी नव्हे.

साधारण अर्ध्या ग्रॅमचा, नेमकं सांगायचं तर ०.५३ ग्रॅमचा छर्रा घ्या. तो सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा होते जेमतेम ७.७ ज्यूल. स्पर्धेतल्या १० मीटर रायफली याच्या आसपास असतात. तोच छर्रा २७५ मीटरच्या वेगाने गेला की आकडा २० ज्यूलवर पोहोचतो. वेग दीडपटीहून थोडाच जास्त, ऊर्जा मात्र अडीचपटीहून अधिक, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून ‘जड स्प्रिंग टाकून पॉवर वाढवतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकपासून लांब राहा. बिलावर एअरगन लिहिलेली वस्तू त्याच्या हातून परत येईपर्यंत परवान्याच्या कक्षेत गेलेली असू शकते. शिवाय जादा ताकदीचा खेळात काडीचाही उपयोग नाही. १० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो फक्त ०.५ मिमीचा, आणि तो अचूकतेने फुटतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन पुढे धावून आदळतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत रायफल हलते. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलमध्ये हा धक्का जवळपास नसतो.

‘स्वतःची’ रायफल खरोखर कशी घडते?

हौस इथे भागवा. खांद्याला टेकणारा बट किती लांब, गालाची पट्टी किती उंच, पकड कशी, साइट आणि ट्रिगरचं सेटिंग कसं. उत्पादकाने दिलेल्या या सोयी शरीराप्रमाणे जुळवायला एक हंगामही पुरत नाही. नियमाचं भान मात्र ठेवा : १० मीटर प्रकारात रायफलचं वजन ५.५ किलोच्या वर जाता कामा नये. वाढत्या वयाच्या मुलासाठी पूर्ण समायोजित होणारा बट नसेल तर दोन वर्षांत तीच रायफल अडचणीची होते. म्हणून आधी क्लबची रायफल वापरा, अंगाला काय जुळतं ते कळू द्या, खरेदी नंतर.

.२२ बोअरची रायफल हवी असेल तर?

तिला परवाना हवाच. अर्ज कुठे करायचा हे पत्त्यावर ठरतं. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने तिथे आयुक्तांकडे. अमरावती ग्रामीण आणि अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वयाची अट २१ वर्षं आहे, लहान खेळाडूंना प्रशिक्षणापुरती सवलत मिळते. रायफल क्लब आणि राज्य संघटनेचं सदस्यत्व आधी घेतलेलं बरं.

रोही-रानडुकरांनी पीक तुडवलं म्हणून शेतात एअरगन रोखण्याचा मोह इकडे अनेकांना होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ त्याला मोकळीक देत नाही, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणंही गुन्हा आहे. मेळघाटात सहलीला निघताना गाडीच्या डिकीत रायफल राहून गेली नाही ना, हे बघाच.

जुनी रायफल घेणार असाल तर आधी बॅरल नव्हे, हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. सुमारे २०० बार दाब सोसणाऱ्या या सिलिंडरला वापराची मुदत असते आणि ती बहुधा १० वर्षांची. मुदत संपलेली असेल तर स्पर्धेच्या तपासणीत रायफल अडते. नव्या सिलिंडरचा खर्च धरूनच विक्रेत्याशी भाव करा.